भंडाऱ्याला समुद्र आला तेव्हा

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी माझ्याकडून 'आरमारातले थरारक अनुभव' मागवले आहेत. बाईंचा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मी आरमाराच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढली हे खरं, पण ती सगळी खुर्चीवर. फोर्टातल्या भरती कार्यालयात मी मुलकी कारकून होतो. समुद्र आमच्या खिडकीतून दिसायचा, आणि वाऱ्यानं कागद उडतात म्हणून ती खिडकी बंद असायची. बोटीत मी एकदाच बसलो, साहेबांच्या लाँचमधून, कागदांवर सह्या घ्यायला. सह्या झाल्या, पण त्यातल्या दोन कागदांची पुन्हा नक्कल करावी लागली. कारण सांगत नाही, वाचक फराळ करत असतील.

माझा जन्म गिरगावातला. चौपाटी घरापासून पाच मिनिटांवर. तरी मला पोहता येत नाही. देशाच्या सागरी संरक्षणात माझा वाटा एवढाच, की समुद्रावर कोणी जायचं आणि कोणी आल्या गाडीनं गावी परत जायचं, याचे कागद माझ्या टेबलावरून सरकत.

हा धंदा बाहेरच्यांना ठाऊक नसतो म्हणून थोडक्यात सांगतो. आमची माणसं वर्षातून एकदोनदा गावोगाव जाऊन उमेदवार तपासत. लेखी परीक्षा, मग डोळे, छाती, दात, तळपाय. पास झालेल्यांना मुंबईला बोलावणं जाई. इथं कागदांची शेवटची छाननी आणि मग रुजू. यात एक गंमत होती. साहेबलोकांना समुद्राकाठच्या पोरांपेक्षा आतल्या मुलखातली पोरं जास्त पसंत. कारण विचारलं तर म्हणत, किनाऱ्यावरच्या पोराला समुद्र माहीत असतो, म्हणून तो शहाणपणा करतो. ज्यानं समुद्र पाहिलाच नाही तो सांगू ते ऐकतो. नवराबायकोच्या बाबतीतही हेच धोरण आपल्याकडे पूर्वी होतं.

तर या आतल्या, समुद्र नसलेल्या राज्यांतल्या पोरांना एक सवलत होती. पोहणं त्यांना रुजू झाल्यावर शिकवलं जाई. किनारा असलेल्या राज्यातल्या उमेदवाराला मात्र पोहता येतं असं गृहीत धरून रुजू होण्याआधीच त्याची परीक्षा घेत. किनाऱ्याचं मूल कल्ल्यांसकट जन्माला येतं, असा सरकारचा समज असावा. मी त्याला जिवंत अपवाद होतो, पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

या सवलतीसाठी तहसीलदाराचा दाखला लागे. एका तहसीलदारानं लिहून पाठवलं होतं, "सदर इसमाने आजतागायत समुद्र पाहिलेला नाही व त्याबाबत त्याची काही तक्रार नाही." हा कागद आमच्या हेडक्लार्क देवस्थळींनी स्वतःच्या खणात जपून ठेवला होता. कामाचा कंटाळा आला की काढून वाचायचे.

आता श्रावण मेश्रामची गोष्ट.

साल छप्पन्न. श्रावण भंडारा जिल्ह्यातला. त्यानं अर्ज केला तेव्हा भंडारा होता मध्य प्रदेश राज्यात. समुद्राचा थेंब नाही, सवलत पक्की. पोरगा परीक्षेत वर आला, तपासणीत पास झाला. मग दिल्लीनं एक नोव्हेंबरला देशाचा नकाशा नव्यानं कापला आणि विदर्भ मुंबई राज्याला जोडला. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ असं सगळं एका गाठोड्यात बांधून त्याला द्वैभाषिक असं भारदस्त नाव दिलं. अंगणात भांडणाऱ्या दोन जावांना एकच चूल द्यावी, तसा तो न्याय. आम्ही गिरगावकर संध्याकाळी सभेत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडायचो, आणि सकाळी दहाला त्याच बसलेल्या घशानं साहेबाला 'गुड मॉर्निंग' म्हणायचो. कचेरीत राजकारण बोलायला बंदी होती. आम्ही ती पाळायचो. लढा संध्याकाळी सहानंतर.

नोव्हेंबरच्या मध्यावर श्रावण माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांचा, काटक, हातात पत्र्याची पेटी. नमस्कार केला आणि बोलावण्याचं पत्र पुढे ठेवलं. मी कागद देवस्थळींकडे नेले. देवस्थळी दादरचे, नियमांचा माणूस. त्यांनी चष्मा पुसला.

"कर्णिक, हा किनाऱ्याचा उमेदवार आहे. पोहण्याची परीक्षा कुठाय?"

"देवस्थळी, भंडारा आहे तो. किनारा पाच-साडेपाचशे मैलांवर."

"राज्य कोणतं?"

"मुंबई. पण पंधराच दिवसांपूर्वी—"

"मुंबई राज्याला समुद्र आहे की नाही?"

"आहे."

"संपलं. अरे, विदर्भ आपला म्हणून परवा शिवाजी पार्कला माझ्या शेजारी उभा राहून ओरडत होतास. आता तो आला, तर त्याला समुद्र द्यायला नको म्हणतोस?"

 एका रात्रीत भंडाऱ्याला समुद्र आला होता, फक्त तो भंडारेकरांना कोणी कळवला नव्हता.

मी बाहेर येऊन श्रावणला परिस्थिती सांगितली. पोहता येतं का, विचारलं. तो म्हणाला, नाही जी. माझी जीभ तेव्हा फार धारदार होती, आणि समोर खालच्या पायरीवरचा माणूस असला की ती आणखी चाले. मी म्हटलं, "भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा, असं आम्ही भूगोलात पाठ केलंय. तळ्याकाठी राहून पोहता येत नाही? काय, पाण्याची शिसारी होती का?"

तो रागावला नाही. जणू मी पत्ता विचारला होता.

"तळं आहे ना जी गावात. मोठं आहे. आमाले त्याच्यात उतरू देत नाहीत."

मी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा टाचण्यांच्या डबीत ठेवली. 

अजून एक भानगड होती. अर्जावर धर्माच्या रकान्यात 'हिंदू' होतं. मधल्या काळात, ऑक्टोबरात, त्यानं आईवडलांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्याला तो रकाना दुरुस्त करून हवा होता. मी हितचिंतकाच्या आवाजात म्हटलं, "मेश्राम, राज्याचा घोळ आहेच. त्यात हे कशाला? जुनंच राहू दे. एका अर्जात दोन दुरुस्त्या दिसल्या की हेडक्लार्कना झोप लागत नाही."

"राज्य मी नाही बदलवलं साहेब, ते दिल्लीनं बदलवलं," तो म्हणाला. "धर्म मात्र मी बदलवला. जे मी सोता केलं, तेवढं तरी लिहा."

छापील यादीत बौद्ध हा शब्दच नव्हता. 'इतर' होतं. मी 'इतर'पुढे बौद्ध लिहिलं, खाली सही केली. देवस्थळींनी ते वाचलं आणि आश्चर्य म्हणजे कागद सरळ फायलीत लावला.

आता खरी अडचण. जानेवारीच्या अखेरीस श्रावणची वयाची अट संपत होती. तेवढ्यात रुजू झाला नाही तर परत अर्ज करायची सोयच नव्हती. आणि परीक्षा उद्या घ्या म्हटलं तर तो उद्या बुडणार होता. मला वेळ हवा होता. वेळ काढणं ही कारकुनाला येणारी एकमेव कला. लोक तिला शिव्या देतात, पण सतारीप्रमाणे तीही चांगल्या कामाला वापरता येते. मी दिल्लीला पत्र लिहिलं: राज्य पुनर्रचनेनंतर भंडारा जिल्हा समुद्रकिनाऱ्यावर आहे असे समजावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे, तोवर सदर उमेदवाराचे प्रकरण प्रलंबित ठेवण्यात येत आहे.

देवस्थळींनी पत्र दोनदा वाचलं.

"कर्णिक, तुला मॅट्रिकला भूगोलात किती होते?"

"पासष्ट."

"दिल्लीला त्याहून कमी असणार. जाऊ दे." आणि सही केली. त्या सहीत त्यांना सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं. नियमांच्या माणसालाच नियमातली फट नेमकी कुठे असते ते माहीत असतं.

दोन महिने मिळाले. या दोन महिन्यांत श्रावणनं राहायचं कुठे? इथं मला एक गोष्ट लिहायची लाज वाटते, म्हणूनच ती लिहितो. आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांना गॅलरी होती. त्या गॅलरीत माझा मेहुणा नोकरी शोधत सहा महिने झोपला होता. गॅलरी रिकामी होती. मी श्रावणला म्हटलं, "मुंबईत जागेची फार ओढाताण, मेश्राम." आई काय म्हणेल, असं मनात होतं. पण मी आईला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती, आणि मग माझ्याकडे सबब उरली नसती. परळच्या एका चाळीत त्याचा मावसभाऊ गिरणी कामगार होता. एका खोलीत नऊजण, पाळीपाळीनं झोपायचे. तिथं तो दहावा झाला. त्या खोलीत जागा कशी निघाली, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

पोहायला शिकवायला मी हिरू तांडेलला गाठलं. हिरू कुलाब्याच्या कोळीवाड्यातला, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे तिचा कप्तान म्हणा. त्याची बायको आमच्या घरी पापलेट घालायची, तेवढी ओळख. कायस्थाच्या घरी देवाखालोखाल कोळणीला मान असतो. मी हिरूला सगळी हकिकत सांगितली. तो खडकावर बसून जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "म्हंजे सरकारनं याच्या गावाला दर्या दिला, नि पोवायला मी शिकवू?"

"असंच समज."

"बरा हाय तुमचा सरकार. आन त्याला. पण जाळी सुकवायला लागंल, मासली उचलायला लागंल. फुकाट जेवन नाय."

असं ते ठरलं. श्रावण पहाटे परळहून चालत कुलाब्याला यायचा, सहा-सात मैल. हिरू त्याच्या कमरेला रॉकेलचा रिकामा, तोंड डाख लावून बंद केलेला डबा बांधायचा आणि पाण्यात ढकलायचा. मी कचेरीला जाण्याआधी अर्धा तास खडकावर उभा राहायचो. कोट, छत्री, डब्याची पिशवी, अशा संपूर्ण सागरी वेशात. तिथून मी सूचना करायचो. पाय हलव. मान वर ठेव. हिरू एकदा म्हणाला, "करनीकबाबू, तुमी उतरा नि दाखवा." त्यानंतर सूचना बंद झाल्या.

पहिले दहा दिवस श्रावण पाण्याला घट्ट धरायला बघायचा. पाणी असं धरता येत नाही हे पटायला वेळ लागतो. मग एके दिवशी तो डब्यासकट तरंगला. हसला. मी त्याला हसताना तेव्हाच प्रथम पाहिलं.

सहा डिसेंबरला दिल्लीहून बातमी आली. दुसऱ्या दिवशी सगळी मुंबई दादरच्या समुद्राकडे लोटली होती. त्या गर्दीत श्रावण होता, त्याच्या खोलीतले नऊही होते. त्या दिवसाबद्दल माझ्या पेनानं काही विनोदी लिहिता येणार नाही, आणि लिहू नये. चार दिवस तो आला नाही. मला वाटलं, गेला गावी. पाचव्या दिवशी पहाटे खडकावर उभा. डोळे सुजलेले. हिरूनं नुसता डबा पुढे केला. श्रावण म्हणाला, "आता डबा नको बांधू, मामा."

'मामा' कधीपासून झाला, ते मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यातला प्रसंग. ओहोटी लागली होती. हिरू होडीवर जाळं ओढत होता, पाठमोरा. श्रावण थोडा लांब गेला आणि पाण्याच्या ओढीत सापडला. त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं, परत गेलं. मी खडकावर. मधे वीस हातांचं अंतर. देशाच्या आरमारात शेकडो माणसं भरती करणाऱ्या या कारकुनानं त्या क्षणी काय केलं? छत्री पुढे केली. वीस हातांवरच्या बुडत्या माणसाकडे दीड हाताची छत्री. आणि ओरडलो काय, तर "अहो! अहो!" सभेत लाखाच्या गर्दीला ऐकू जाणारा माझा आवाज शेळीसारखा निघाला. हिरूनं तरी तो ऐकला. होडीतून त्यानं उडी टाकली, पण श्रावणपाशी पोचून त्याला धरलं नाही. बाजूला पोहत राहिला आणि ओरडू लागला, "पान्याशी भांडू नको! उताना हो! आभाळाकडं बघ! दर्या कुनाला जात इचारत नाय, उताना हो!"

श्रावण उताणा झाला. पाण्यानं त्याला पन्नास-एक हात पुढे नेऊन एका खडकाशी सोडलं. तो वर चढला, खूप खारं पाणी ओकला. मी धावत गेलो आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. काहीतरी करायला हवं होतं.

"आज पुरे कर," मी म्हटलं.

"नाही जी. आताच पुन्हा जातो. नाही तर उद्या नाही जाणार." आणि गेला.

जानेवारीत दिल्लीचं उत्तर आलं. आम्ही विचारलं होतं, भंडारा किनाऱ्यावर आहे का. उत्तर होतं: भंडारा शहरापासून नजीकच्या भरतीरेषेपर्यंतचे अंतर कळवावे, म्हणजे निर्णय घेणे सोयीचे होईल. देवस्थळी ते वाचून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ते पत्र तहसीलदाराच्या दाखल्याशेजारी त्यांच्या खणात गेलं.

पण आता थांबायची सोय नव्हती. वयाची मुदत संपायला आठच दिवस राहिले होते. श्रावण म्हणाला, "घ्या परीक्षा."

परीक्षा गोदीजवळच्या तलावात. अंगावर कपडे, उंच फळीवरून उडी, तलावाची एक फेरी, मग तीन मिनिटं तरंगणं. परीक्षा घेणारा उस्ताद मिशाळ, गळ्यात शिट्टी. सकाळी चार उमेदवार होते. पहिला खास किनाऱ्यावरचा, ऐन रत्नागिरीकडला, तो फळीवर गेला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "माका आज बरा नाय." शिडीनं उतरून निघून गेला. किनाऱ्याच्या पोरांना कल्ले असतात या समजाला तो पहिला सरकारी तडा.

श्रावणचं नाव पुकारलं. तो फळीवर उभा राहिला. तलावाचं पाणी निळं, नितळ. तळाच्या फरशा दिसत होत्या. समुद्राच्या गढूळ पाण्याची सवय झालेल्याला खोली अशी उघडी दिसणं वाईट. तो हलेना. उस्तादानं विचारलं, "क्या सोच रहा है?" श्रावणनं तलावाकडे नजर ठेवूनच विचारलं, "उस्ताद, इसमें कोई भी उतर सकता है?"

उस्तादाला प्रश्नच कळला नाही. "अरे, उतरने के लिए ही तो बनाया है! कूद!"

श्रावणनं उडी मारली. पोहणं अगदीच बेढब. एक हात कोळ्याचा, एक हात स्वतःचा, मधेच तिरका जाऊन कडेला आपटला. पण फेरी पुरी केली. मग उताणा झाला. उस्ताद घड्याळ बघत होता. तीन मिनिटं झाली, शिट्टी वाजली. श्रावण तसाच. कानांत पाणी, शिट्टी ऐकूच गेली नसावी. किंवा गेली असेल. चार मिनिटं झाली, पाच झाली. उस्ताद ओरडला, "बस हो गया, बाहर आ!" तेव्हा कुठे तो सावकाश काठाला आला.

दुसऱ्या दिवशी तो रुजू व्हायला माझ्या टेबलाशी बसला. पुढे त्यानं बरीच वर्षं नोकरी केली, वरच्या हुद्द्यावर गेला, दोन महासागर पाहिले. राज्यही आणखी एकदा बदललं; साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा आम्ही गिरगावात पेढे वाटले आणि कचेरीत सगळ्या फॉर्मांवरचं राज्याचं नाव पुन्हा एकदा बदलत बसलो. पण मला आठवतो तो रुजू व्हायचा दिवस.

फॉर्म मीच भरत होतो. माझं अक्षर सुवाच्य, त्याबद्दल दोनदा शाबासकी मिळालेली. नाव, गाव, राज्य, धर्म. शेवटी एक रकाना होता: आजारपणात वा अपघातात कळवण्याजोगी मुंबईतील जवळची व्यक्ती. मी प्रश्न वाचूनही दाखवला नाही. पेन आपोआप पुढे गेलं आणि मी माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर लिहून टाकलं.

"मुंबईत जवळचं कोण?" मग मी विचारलं, उगीच, रिवाज म्हणून.

"हिरू तांडेल," श्रावण लगेच म्हणाला. "कुलाब्याचा कोळीवाडा."

मी ते अक्षर खोडलं. खाडाखोड झाली की बाजूला कारकुनानं सही करायची असते, तसा नियम आहे. मी सही केली, आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: हिरू तांडेल. नात्याच्या रकान्यात त्यानं सांगितलं ते लिहिलं, मामा.